ग्रंथसंपादनाचा द्रव्यपक्ष : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या अनुषंगानें

जुन्या ग्रंथाची संशोधित आवृत्ति हातीं आली म्हणजे आपण प्रथम पाठ पाहतों, पाठभेद पाहतों, प्रस्तावना वाचतों आणि बहुधा संपादकाच्या चुका काढतों. त्या आवृत्तीस पैसा कोणीं दिला, कोणत्या अटीवर दिला आणि तो कोणत्या कामीं खर्ची पडला, हें पाहण्याची चाल आपल्याकडे नाहीं. सनदा, वतनपत्रें आणि ताळेबंद यांवरून पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनीं स्वतःच्या ग्रंथांचा जमाखर्च मात्र न वाचावा, हें थोडें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे. वास्तविक द्रव्य मिळण्याची रीत आणि सिद्ध होणाऱ्या पाठाची जात यांचा संबंध फार निकटचा असतो. पैसा छापील फर्म्याच्या हिशेबानें मिळाला तर आवृत्ति एका तऱ्हेची निघते, वर्षासनाच्या रूपानें मिळाला तर दुसऱ्या तऱ्हेची, आणि मुळींच न मिळाला तर तिसऱ्या तऱ्हेची. ही गोष्ट स्पष्ट करण्यास पुण्यास सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत मुख्यतः तिचाच विचार केला आहे. ज्यांच्या घरीं पोथ्या, बाडें किंवा दप्तराचे रुमाल आहेत अशा वाचकांचें या विषयाशीं प्रत्यक्ष कर्तव्य आहे. तें कसें, हें पुढें ओघानें येईल.

संशोधित आवृत्तीच्या कामाचे स्थूल मानानें पांच टप्पे पडतात. प्रती कोठें कोठें आहेत याचा शोध करणें हा पहिला; त्या मिळविणें, किंवा मालक देत नसेल तर जेथें असतील तेथें माणूस पाठविणें, हा दुसरा; एका प्रतीची दुसरीशीं अक्षरशः रुजुवात घालणें हा तिसरा; पाठाचा निर्णय हा चौथा; आणि छपाई हा पांचवा. यांपैकीं देणगी देणाऱ्याच्या डोळ्यांस दिसणारा टप्पा एकच, तो शेवटचा. छापलेला ग्रंथ हातांत घेतां येतो, त्याची पानें मोजतां येतात, समारंभ करून तो प्रसिद्ध करितां येतो. रुजुवातीचें तसें नाहीं. चार जाणतीं माणसें महिनेच्या महिने पोथ्या पुढ्यांत घेऊन बसतात आणि वर्षाअखेर दाखवावयास लिहिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवांचून कांहीं नसतें. महाभारताच्या कामीं तर प्रत्येक श्लोकास एक स्वतंत्र कागद असे. त्यावर प्रमाण म्हणून धरलेला श्लोक एका चौकोनांत एक अक्षर अशा रीतीनें लिहावयाचा आणि त्याखालीं ओळीनें प्रत्येक पोथीचें जें अक्षर भिन्न असेल तेवढें त्या त्या चौकोनांत भरावयाचें. पोथी कितीही अशुद्ध असली तरी तिची अशुद्धिही तशीच टिपावयाची. कारण कोणती चूक कोणत्या प्रतींत उतरली आहे यावरूनच प्रतींचें गोत्र ठरतें. असल्या कामास पैसा देणारा मनुष्य विरळा, आणि जो देईल त्यास धीर किती लागेल याची कल्पना यावरून करावी.

ही आवृत्ति काढण्याची कल्पना प्रथम पुण्यास निघालेली नव्हे. पॅरिस येथें १८९७ सालीं भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेंत मॉरिझ विंटरनिट्झ यांनीं तिची आवश्यकता प्रतिपादन केली, आणि दोन वर्षांनीं रोमच्या परिषदेंत त्याकरितां एक स्वतंत्र मंडळ स्थापावें अशी सूचना केली. पुढें १९०४ सालीं निरनिराळ्या देशांतील विद्यापरिषदांच्या संघानें तें काम आपल्या अंगावर घेतलें. १९०८ सालीं हाइनरिख ल्यूडर्स यांनीं आदिपर्वाच्या आरंभींच्या थोड्या श्लोकांचा एक छापील नमुनाही विद्वानांपुढें ठेवला. त्यानंतर १९१४ सालीं महायुद्ध जुंपलें, आणि ज्या राष्ट्रांच्या परिषदांनीं मिळून हें काम करावयाचें तींच राष्ट्रें एकमेकांवर तोफा डागूं लागलीं. योजना तेथेंच खुंटली. युद्ध हें निमित्त खरेंच. तथापि पहिल्या सूचनेपासून सतरा वर्षांत एका नमुन्यापलीकडे मजल गेली नव्हती, हेंही विसरतां येत नाहीं. विद्वत्ता होती, शिस्त होती, परंतु द्रव्याचा भार अनेकांवर विभागलेला असल्यामुळें हें काम कोणा एकाच्या जिवाला लागलें नव्हतें, असें मला वाटतें.

इकडे पुण्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशिव्या वाढदिवशीं, ता. ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवाचें प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें. पुढील वर्षीं त्याच तारखेस भरलेल्या सभासदांच्या पहिल्या साधारण सभेंत औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताची सचित्र व संशोधित आवृत्ति काढण्याची सूचना मांडली, आणि नुसती मांडून न थांबतां त्याच कामाकरितां म्हणून एक लाख रुपये देण्याचें जाहीर केलें. ही रक्कम एकदम न देतां वार्षिक हप्त्यांनीं द्यावयाची होती. औंध हें कांहीं बडोदें किंवा म्हैसूर नव्हे. सातारच्या अंगचें तें एक लहानसें संस्थान. त्या मानानें ही देणगी केवढी मोठी होती हें सांगावयास नको.

या देणगीच्या रचनेंत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, पैसा संस्थेस मोघम न देतां एका ग्रंथास दिला होता. अशा देणगीचा फायदा असा कीं, संस्थेच्या इतर गरजा, म्हणजे इमारत, कपाटें, पगार यांच्या पोटांत ती गडप होत नाहीं. दुसरी गोष्ट वार्षिक हप्त्याची. एकरकमी पैसा मिळाला असता तर तो व्याजीं लावून त्याच्या उत्पन्नावर काम चालविण्याची सोय झाली असती. उलट हप्त्यांमुळें दात्याचा हात दरसाल कामास लागत राहिला आणि संस्थेसही दरसाल आपलें काम कोठवर आलें हें सांगणें भाग पडलें. यांतील कोणती रीत बरी याबद्दल मतभेद होईल. माझें मत असें कीं, दाता दीर्घायुषी व निष्ठावंत असेल तर हप्ता बरा, आणि त्याचा भरंवसा नसेल तर एकरकमी ठेव बरी. बाळासाहेब १९५१ पर्यंत हयात होते. परंतु त्यांचें संस्थान १९४८ सालींच मुंबई प्रांतांत विलीन झालें, तें त्यांच्या आधीं गेलें. म्हणजे दात्याच्या आयुष्यापेक्षां राज्याचें आयुष्य कमी ठरलें; हा विचार १९१८ सालीं कोणाच्या स्वप्नींही नसेल.

ता. १ एप्रिल १९१९ रोजीं भांडारकरांनीं स्वहस्तें मंगलश्लोक लिहून कामास आरंभ केला. पहिलीं वर्षें नारायण बापूजी उटगीकर यांच्या देखरेखीखालीं गेलीं, आणि १९२३ सालीं विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ति मते मागविण्याकरितां विद्वानांकडे पाठविण्यांत आली. चार वर्षांत एक नमुना, ही गोष्ट ज्यांनीं पैसे दिले त्यांच्यापैकीं एखाद्यास टोंचली असती तर त्यास दोष देतां आला नसता. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे मुख्य संपादकत्व आलें. हे बर्लिन येथें त्याच ल्यूडर्स यांच्यापाशीं शिकले होते, ज्यांचा नमुना युद्धामुळें अर्ध्यावर राहिला होता. युरोपची शास्त्रीय रीत अशा फेऱ्यानें पुण्यास पोंचली. सुखटणकरांनीं कामाची घडी नव्यानें बसविली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ सालीं बाहेर पडला आणि सबंध आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. आरंभापासून एक पर्व पुरें होण्यास चौदा वर्षें! अठरा पर्वांच्या ग्रंथाचें हें मान पाहून कोणीही व्यवहारी मनुष्य हात आंखडता घेता. तसें झालें नाहीं, याचें श्रेय दात्यांइतकेंच त्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेसही आहे. महाभारताच्या प्रतींच्या शाखा कशा पडल्या, त्यांचा परस्परसंबंध काय आणि त्यांतून पाठ कसा निवडावयाचा याचें जें विवेचन सुखटणकरांनीं तींत केलें, त्यानें चौदा वर्षें पैसा कोठें गेला याचा हिशेब एका दृष्टीनें चुकता झाला.

तो हिशेब आंकड्यांनीं पाहूं. आदिपर्वाच्या म्हणून ज्या प्रती तेव्हां माहीत होत्या त्यांची संख्या २३५ होती. त्यांत देवनागरी लिपींतील १०७, बंगाली ३२, ग्रंथ लिपींतील ३१, तेलुगु २८, मलयाळम २६, नेपाळी पांच आणि शारदा लिपींतील अवघ्या तीन, बाकी किरकोळ. त्यांपैकीं पाठनिर्णयास प्रत्यक्ष उपयोगांत आणलेल्या सुमारें साठ. आतां येथें लिप्यांचा खर्च लक्षांत घ्यावा. पुण्यांत देवनागरी वाचणारे पाहिजे तितके मिळतील; ग्रंथ व तेलुगु लिपींतील पोथ्या वाचणारे कोठून आणावयाचे? म्हणून दक्षिणेकडील प्रतींची रुजुवात तंजावर येथें आणि बंगाली प्रतींची शांतिनिकेतनांत विश्वभारतीमध्यें करविण्यांत आली. पोथ्या पुण्यास आणण्यापेक्षां काम पोथ्यांकडे नेलें. या एका निर्णयांत मोठें शहाणपण होतें. पोथी प्रवासाला निघाली म्हणजे मालकाचा जीव खालीवर होतो, आणि तो होणें रास्तही आहे.

सगळ्यांत बोधप्रद हकीकत शारदा प्रतीची आहे. काश्मीरची परंपरा ही इतर सर्वांपेक्षां कमी भेसळीची, असा सुखटणकरांचा निर्णय झाला, आणि त्या परंपरेचा आदिपर्वापुरता मुख्य साक्षी म्हणजे भूर्जपत्रावरील एक त्रुटित पोथी. ही पोथी महाभारताच्या कामाकरितां कोणीं मिळविलेली नव्हती. मुंबई सरकारकरितां गेओर्ग ब्यूलर यांनीं १८७५-७६ सालीं काश्मिरांत हिंडून जो संग्रह खरेदी केला, त्यांतील ती. सरकारनें हस्तलिखितांचा शोध व खरेदी यांची योजना १८६८ सालीं मंजूर केली, त्या योजनेच्या पैशानें ती डेक्कन कॉलेजांत आली, आणि १९१८ सालीं सरकारी संग्रह भांडारकर मंदिराच्या स्वाधीन झाला तेव्हां तीही आली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीं, कोणतें काम पुढें निघणार हें ठाऊक नसतां, नुसत्या संग्रहास म्हणून दिलेला पैसा महाभारताच्या पाठाच्या पायाशीं जाऊन बसला. संग्रहाकरितां दिलेला पैसा वायां जातो असें म्हणणाऱ्यांनीं एवढें एक उदाहरण ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

औंधच्या पाठोपाठ इतर दाते आले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आश्रयदात्यांची जी मालिका छापलेली असे तींत हिंदुस्थान सरकार, मुंबई, मद्रास व ब्रह्मदेश येथील प्रांतिक सरकारें, बडोदें इत्यादि संस्थानें आणि मुंबई विद्यापीठ अशीं नांवें आढळतात. निजाम सरकारनें ग्रंथास वार्षिक मदत दिली आणि बाहेरून येणाऱ्या विद्वानांच्या उतरण्याकरितां इमारतीस वेगळा पैसा दिला. निजाम अतिथिगृह या नांवानें ती वास्तु मंदिराच्या आवारांत ओळखली जाते. महाभारताच्या पाठाकरितां मुसलमान राज्यकर्त्याच्या खजिन्यांतून आणि ब्रह्मदेशाच्या सरकारांतून पैसा यावा, ही त्या काळाची एक गोड आठवण आहे. दात्यांचा असा समुदाय जमण्याचा दुसराही उपयोग झाला: पाठ अमुक संस्थानाच्या किंवा अमुक पंथाच्या कलानें ठरला, असा आरोप करण्यास जागा राहिली नाहीं. बाळासाहेबांची स्वतःची हौस चित्रांची. ते स्वतः चित्रकार होते, आणि प्राचीन शिल्पचित्रांवरून त्यांनीं काढलेलीं चित्रें आवृत्तींत घातलीं आहेत. संशोधित आवृत्तींत चित्रें कशाला, असा प्रश्न एखादा कडक पंडित विचारील. पण लाख रुपये देणाऱ्यानें श्लोकाच्या एकाही अक्षरास हात न लावतां चित्रांवर समाधान मानलें, हा सौदा संपादकांस फार स्वस्त पडला असेंच म्हटलें पाहिजे.

तुलनेकरितां मॅक्समुल्लरच्या सायणभाष्यासहित ऋग्वेदाकडे वळूं. त्या ग्रंथाचा खर्च करण्याचें ईस्ट इंडिया कंपनीनें १८४७ सालीं कबूल केलें. ठराव असा कीं, संपादकास छापील फर्म्यामागें चार पौंड द्यावयाचे आणि त्यानें वर्षास पन्नास फर्मे पुरे करावयाचे. म्हणजे सालिना दोनशें पौंड. पहिला खंड १८४९ सालीं निघाला आणि सहावा १८७४ सालीं. मध्यें कंपनी सरकार जाऊन राणीचें राज्य आलें तरी काम चालू राहिलें. या ठरावांत पैसा छपाईच्या मापानें मोजला आहे हें पाहण्यासारखें आहे. रुजुवात कितीही वाढली तरी फर्म्याचे पौंड वाढत नाहींत. उलट संपादक जितका खोल शिरेल तितकें त्याचें वर्षाचें उत्पन्न कमी. मॅक्समुल्लरनें तरीही कसूर केली नाहीं, हा त्याचा मोठेपणा. पण युरोपांत ज्या प्रती हातीं येण्यासारख्या होत्या त्यांच्या पलीकडे जाण्यास या ठरावांत मुळींच उत्तेजन नव्हतें. दुसरी आवृत्ति १८९० ते १८९२ या अवधींत निघाली ती विजयनगरमच्या महाराजांच्या द्रव्यावर. पुढें पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानें, जें लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ १९२८ सालीं स्थापन झालें, त्याच भाष्याची आवृत्ति पुन्हां मुळापासून हातीं घेतली; तिचा पहिला खंड १९३३ सालीं आणि सूचीचा शेवटचा १९५१ सालीं बाहेर पडला. पुन्हां मुळापासून करण्याचें कारण इतकेंच कीं, हिंदुस्थानांतील, विशेषतः दक्षिणेकडील पोथ्यांचा धांडोळा पहिल्या वेळीं घेतला गेला नव्हता.

आतां घरचें उदाहरण. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला आणि सुमारें वीस वर्षांत असे बावीस खंड बाहेर काढले. त्यांच्यापाठीमागें ना कंपनी सरकार होतें ना संस्थानिकाचा लाख. कागद मिळविण्याकरितां गांवोगांव पायपीट, नक्कल स्वतःच्या हातची, आणि छपाईची सोय जशी लागेल तशी, कधीं वाईस, कधीं विजापूरकरांच्या ग्रंथमालेंत. या पद्धतीचे गुण सर्वांस ठाऊक आहेत. दोषांविषयीं आपण आदरामुळें बोलत नाहीं. पैसा नसल्यामुळें अस्सलाशीं दुसऱ्यांदा रुजुवात घालण्यास दुसरा मनुष्य नव्हता, सूची करण्यास कारकून नव्हता, आणि छापून झाल्यावर अस्सल कागद एके ठिकाणीं जपून ठेवण्यास जागा नव्हती. राजवाड्यांच्या एखाद्या वाचनाविषयीं आज शंका आली तर कित्येकदां अस्सल कोठें आहे येथूनच शोध सुरू करावा लागतो. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० सालीं झाली ती एका परीनें हीच उणीव भरून काढण्याकरितां होय. याच्या अगदीं उलट प्रकार पेशवे दप्तराचा. मुंबई सरकारनें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून १९३० पासून पुढें चारपांच वर्षांत पंचेचाळीस भाग छापून घेतले. वेग विलक्षण, सरकारी छापखाना हाताशीं, खर्चाची विवंचना नाहीं. परंतु ते वेचे होते. काय घेतलें हें छापील भागांवरून कळतें, काय वगळलें हें दप्तरांत पुन्हां शिरल्याशिवाय कळत नाहीं. राजवाड्यांस पैसा नव्हता आणि सरदेसायांस अवकाश नव्हता. दोघांचेही ग्रंथ आपण रोज वापरतों, आणि दोघांच्याही उणिवा पाठभेदांच्या नसून जमाखर्चाच्या आहेत.

भाषांतरांची कथा थोडी निराळी. तेथें रुजुवात नसते, परंतु भाषांतरकाराचें आयुष्य खर्ची पडतें, आणि त्याचें नांव बहुधा मागें राहतें. महाभारताचें इंग्रजी भाषांतर कलकत्त्याचे प्रतापचंद्र रॉय यांनीं १८८३ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध केलें. लोकांच्या देणग्या व सरकारी साहाय्य मिळवून तें चालविलें. काम पुरें होण्यापूर्वींच ते वारले आणि त्यांच्या पत्नीनें १८९६ सालीं तें तडीस नेलें. देणग्या रॉय यांच्या नांवावर येत, म्हणून ग्रंथावर नांवही त्यांचें. प्रत्यक्ष भाषांतर करणारे किशोरीमोहन गांगुली होते हें वाचकांस उघडपणें सांगण्यांत आलें तें ग्रंथ पुरा होण्याच्या सुमारास. पुढें शिकागो येथें व्हान ब्यूटेनन यांनीं पुण्याच्या आवृत्तीवरून नवें इंग्रजी भाषांतर आरंभिलें. पहिला खंड १९७३ सालीं निघाला आणि पांच पर्वें प्रसिद्ध झाल्यावर १९७९ सालीं त्यांचा अंत झाला. औंधच्या रुपयाचा उपयोग अशा रीतीनें अमेरिकेपर्यंत पोंचला. एका चांगल्या आवृत्तीवर किती भाषांतरें उभीं राहतात याचा हिशेब दात्यांस क्वचितच सांगितला जातो.

कायमच्या ठेवीचीं उदाहरणें भाषांतरांतच अधिक आढळतात. जेम्स लोब यांनीं ग्रीक व लॅटिन ग्रंथांची, एका पानावर मूळ व समोर इंग्रजी अशी जी माला काढली, तिचे पहिले खंड १९१२ सालीं निघाले. १९३३ सालीं ते वारले तेव्हां ती माला हार्वर्ड विद्यापीठास मिळाली आणि अद्याप चालू आहे. त्याच विद्यापीठाच्या मुद्रणालयास रोहन मूर्ति यांनीं २०१० सालीं बावन्न लक्ष डॉलर दिले. त्यांतून भारतीय भाषांतील ग्रंथांची तशीच द्विभाषिक माला निघाली व तिचे पहिले खंड २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. ठेवीवर चालणाऱ्या कामास दरसाल कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. उलट सरकारी अनुदानाची स्थिति काय असते हें अमेरिकेंतच २०२५ च्या एप्रिलमध्यें दिसून आलें. तेथें १९६५ सालीं स्थापन झालेली मानव्यविद्यांची राष्ट्रीय निधिसंस्था संशोधित आवृत्त्या व भाषांतरें यांना स्वतंत्र सदराखालीं पैसा देत आली होती. त्या महिन्यांत तिनें मंजूर करून चालू असलेलीं शेंकडों अनुदानें मध्येंच रद्द केलीं. दहा-दहा वर्षें चाललेल्या आवृत्तीस असा धक्का बसला म्हणजे कागद राहतात, पण ते समजणारीं माणसें पांगतात, आणि पांगलेलीं माणसें पुढें पैसा मिळाला तरी परत गोळा होत नाहींत.

पुण्याची आवृत्ति हा धोका चुकवून पार पडली. १९४३ च्या जानेवारींत सुखटणकर निवर्तले, त्यांच्यामागून श्रीपाद कृष्ण बेलवलकर व १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं मुख्य संपादकत्व केलें, संस्थानिक गेले, त्यांच्या जागीं केंद्र व राज्य सरकारें आणि विद्यापीठ अनुदान मंडळ आलें, आणि ता. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या हस्तें ग्रंथाची समाप्ति जाहीर झाली. एकूणीस खंड, पाहिलेल्या प्रती १२५९, आणि काळ सत्तेचाळीस वर्षांचा. कोणताही एक संपादक किंवा एक दाता या सर्व काळास पुरला नाहीं. पुरले ते रुजुवातीचे कागद. प्रत्येक नव्या संपादकास तेथून पुढें आरंभ करतां आला, कारण ते कागद संस्थेचे होते, कोणाच्या घरचे नव्हते.

आतां संग्राहकांच्या संबंधीं. सांप्रत पैसा मिळतो तो मुख्यतः छायाचित्रें घेण्यास. केंद्र सरकारचें हस्तलिखितविषयक राष्ट्रीय अभियान २००३ सालीं निघालें, तेव्हांपासून पोथ्यांच्या याद्या व यांत्रिक प्रतिमा करण्याकडे ओघ आहे, आणि तो स्तुत्यच आहे. ओल, कसर आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहींत. परंतु छायाचित्र म्हणजे आवृत्ति नव्हे. मोडी रुमालाचीं हजार चित्रें घेतलीं तरी तीं वाचणारा मनुष्य पाहिजे, आणि तसा मनुष्य तयार होण्यास वर्षें लागतात, त्यास या वर्षांत जेवावयासही पाहिजे. म्हणून जो कोणी दाता एखाद्या घराण्याच्या दप्तरास पैसा देऊं इच्छील त्यास माझी सूचना अशी कीं, रकमेचा निदान अर्धा भाग वाचन व रुजुवात यांस बांधून द्यावा, आणि छपाईस उरेल तें. छपाईस दुसरा दाता मिळतो. रुजुवातीस मिळत नाहीं.

मालकांनींही कांहीं गोष्टी आरंभींच ठरवून घ्याव्या. पोथी किंवा रुमाल हातचा जातांना पानें मोजून, फाटलीं-तुटलीं नोंदून पावती घ्यावी. शक्य तर पोथी न देतां वाचणारास घरीं बसवावें, तंजावर व शांतिनिकेतन येथें केलें तसें. छायाचित्रांचा एक संच स्वतःकडे राहावा अशी अट घालावी. आवृत्तींत प्रतीची ओळख देतांना संग्रहाचें नांव यावें, एवढी अपेक्षा रास्त आहे. परंतु पहिल्यानें प्रसिद्ध करण्याचा हक्क कायमचा एकाच्याच हातीं द्यावा किंवा स्वतःपाशीं राखावा, हें इष्ट नाहीं. त्यास मुदत असावी, पांच वर्षें म्हणा. मुदतीशिवाय राखून ठेवलेले कागद पुढच्या पिढींत वांटणीला जातात, आणि वांटणींत दप्तराचे तुकडे होतात. कित्येक मालक कागद दाखवीत नाहींत ते पैशाच्या आशेनें नव्हे, तर एकदां नेलेले परत आले नाहींत या अनुभवामुळें. तो अनुभव खोटा नसतो, आणि संशोधकांनींच तो दूर केला पाहिजे.

उशिरां आलेल्या प्रतीचें काय होतें, हेंही महाभारताच्या कामांत दिसून आलें आहे. आदिपर्व १९३३ सालीं छापून पुरें झालें. त्यानंतर नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज यांनीं आपल्या देशांतील एका अतिप्राचीन प्रतीचे पाठ पुण्यास उपलब्ध करून दिले. तेव्हां माहीत असलेल्या आदिपर्वाच्या प्रतींत ती सर्वांत जुनी होय, असें सुखटणकरांनीं तिचें वर्णन केलें. छापलेल्या पर्वांत तिला जागा देणें आतां शक्य नव्हतें. मंदिराच्या नियतकालिकांत स्वतंत्र निबंध लिहून त्यांनीं तिचे पाठभेद दिले, आणि आपण ठरविलेल्या पाठास तिचा बव्हंशीं दुजोरा मिळतो हें दाखविलें. आदिपर्वाचा अभ्यास करणारास तेव्हांपासून एका हातांत छापील पर्व आणि दुसऱ्या हातांत तो निबंध घेऊन बसावें लागतें.